पोट चालवणारी सुई : केव्हा तारते, केव्हा मारते

(अंजनवेल आणि गुहागर तालुक्यातील पशुपालकांसाठी)



गाय गव्हाणीपाशी उभी आहे, पण पेंढ्याला तोंड लावत नाही. कान पडले आहेत. कालपासून रवंथ नाही, शेण नाही. अशा वेळी आपण म्हणतो, “पोट बसलं.” मग धावाधाव सुरू होते. कुणी हिंग सांगतो, कुणी तेल. एखादा जाणता सांगतो, “त्या अमक्याकडे पोट चालवायची सुई उरलेली आहे, ती आणून टोचा, अर्ध्या तासात शेण टाकील.”

ही सुई खोटी नाही. ती खरोखरच पोट हलवते, आणि म्हणूनच तिची धास्ती बाळगायला हवी. बसलेल्या बैलाला पराणी टोचली की तो उठतो, पण गाडीचे चाक दगडाखाली अडकले असेल तर पराणी टोचून काय उपयोग? बैल जखमी होईल, नाहीतर जू मोडेल. पोटाच्या सुईचे तसेच आहे. पुढची वाट मोकळी असेल आणि अंगात बळ असेल तरच ती कामाची. नाहीतर ज्या गायीला वाचवायचे, तिचाच जीव जातो.

या जातीच्या औषधांना कोलिनर्जिक औषधे म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजायला अवघड नाही. हे औषध टोचणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. पण ते कसे चालते हे आपल्याला कळले, तर आपण नको तिथे त्याचा आग्रह धरणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्रक.

पोट बसले हे कसे ओळखावे?

गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. शरीराची डावी बाजू जवळजवळ सगळी त्यानेच व्यापलेली असते. खाल्लेला पेंढा तिथे भिजतो, घुसळला जातो आणि सूक्ष्म जीवजंतू तो कुजवून पचवतात. हे घुसळणे थांबले की रवंथ थांबते, वायू साठतो आणि जनावर खाणे सोडते.

तपासायचे असेल तर जनावराच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये जो खळगा आहे, तिला भकाळी म्हणतात. तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळ लावून दोन मिनिटे थांबा. निरोगी जनावरात एवढ्या वेळात दोन-तीन वेळा कोटीपोट आपली मूठ बाहेर ढकलते. एकदाही ढकलले नाही तर पोट बसले आहे. हात ठेवलाच आहे तर आत काय लागते तेही पाहा. कणीक दाबल्यासारखे घट्ट लागते, ढोलासारखे फुगलेले लागते, की पाण्याच्या मडक्यासारखे डचमळते? या तीन गोष्टींवर पुढचे सगळे उपचार अवलंबून आहेत.

पोटाला निरोप कोण देतो?

पोट आपोआप हलत नाही. मेंदूकडून आलेली नस त्याला “हल” असा निरोप देते. पण नसेचे टोक आणि पोटाचा स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. ती फट ओलांडून निरोप नेणारे एक द्रव्य नसेच्या टोकातून सुटते. त्याचे नाव ऍसिटिलकोलीन. नस असे द्रव्य सोडते हे १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले. या विषयावरील कामासाठी त्यांना आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या आगराचा विचार करा. माड-पोफळींना पाणी लावताना आपण पाटाचे पाणी एका आळ्यात सोडतो. आळे भरले की मातीने तोंड बंद करून पाणी तोडतो. सोडणे जितके महत्त्वाचे, तितकेच तोडणेही महत्त्वाचे. पाणी तोडले नाही तर आळे तुंबते, माती वाहून जाते, झाडाची मुळे कुजतात. शरीरातही असेच आहे. निरोपाचे द्रव्य सुटले, स्नायू आवळला, की लगेच ते द्रव्य तोडून टाकणारे दुसरे द्रव्य हजर असते. त्याचे नाव कोलिनेस्टरेज. ते पाणी तोडणाऱ्या गड्याचे काम करते. त्यामुळे स्नायू आवळतो, सैल होतो, पुन्हा आवळतो. या आवळण्या-सैलावण्यालाच आपण पोट चालणे म्हणतो.

कोलिनर्जिक औषधे दोन तऱ्हेने काम करतात. काही औषधे स्वतःच निरोप्याचे सोंग घेतात आणि स्नायूला “हल” म्हणून सांगतात. कार्बाकोल हे त्यातले एक. दुसरी तऱ्हा म्हणजे पाणी तोडणाऱ्या गड्याचा हात काही वेळ धरून ठेवायचा. मग शरीराचाच निरोप अधिक वेळ टिकतो. निओस्टिग्मिन हे असे काम करते. त्याचा जोर काही तासांत ओसरतो, कारण ते गड्याचा हात कायमचा धरून ठेवत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हाच निरोप शरीरात इतरही ठिकाणी जातो. लाळेच्या ग्रंथींना जातो, डोळ्यांना जातो, श्वासाच्या नळ्यांना जातो, हृदयाला जातो, मूत्राशयाला जातो आणि गर्भाशयालाही जातो. सुईला “फक्त पोटाकडे जा” असे सांगता येत नाही. ती टोचली की जोर सगळीकडे लागतो.

आपल्या आगरातली सुपारी आणि कुंपणावरचा धोतरा

ही औषधे परदेशी कारखान्यातच जन्मली असे नाही. सुपारीतही असेच एक द्रव्य आहे, त्याचे नाव ऍरेकोलीन. कोवळी किंवा न सोसणारी सुपारी खाल्ली की घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते, छातीत धडधडते, हे आपण जाणतो. सुपारी लागली म्हणतो ते हेच. या द्रव्याचा पशुवैद्यकात पूर्वी बराच वापर होता. कुत्र्यांच्या पोटातला पट्टकृमी सैल करून बाहेर टाकण्यासाठी ते देत. पण त्याने कुत्र्याला कळा येत, ओकाऱ्या होत. पुढे प्राझिक्वांटेलसारखी सोसणारी औषधे आली आणि ऍरेकोलीन मागे पडले.

याच्या बरोबर उलट काम करणारे द्रव्य आपल्या कुंपणावरच्या धोतऱ्याच्या जातीत सापडते, ते म्हणजे ऍट्रोपीन. ते निरोप स्नायूपर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि तो बरळू लागतो.

सुपारी आणि धोतरा घरचेच आहेत म्हणून कुणी भरडून किंवा रस काढून गुरांना पाजू नये. एका सुपारीत किंवा धोतऱ्याच्या एका बोंडात औषध किती आहे हे बघून कळत नाही. झाडागणिक ते बदलते. सुईच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. तांदळाच्या एका दाण्याचे वजन वीसेक मिलिग्रॅम भरते. त्याहूनही कमी निओस्टिग्मिन अडीचशे किलोच्या गायीला पुरते. जिथे दाण्याच्या अंशाने फरक पडतो, तिथे मुठीने आणि पेल्याने मोजून कसे चालेल?

सुई कुठे कामाची आहे?

खाण्यात एकदम बदल झाला, पाणी कमी पडले, नुसता वाळका पेंढा दिवसेंदिवस खाल्ला, किंवा तापातून उठल्यावर पोट मंदावले, अशा साध्या प्रकारात कोटीपोट थकलेले असते, पण वाट मोकळी असते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हिरवा चारा संपतो, कातळावरचे गवत करपते, पाणवठे आटतात. तेव्हाचे पोट बसणे बहुधा या प्रकारचे.

अशा जनावरालाही डॉक्टर आधी पाणी, क्षार आणि भूक आणणारी औषधे देतात. पुष्कळदा तेवढ्यानेच पोट चालू लागते. कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे पचवणारे जीवजंतू पुन्हा वस्तीला येतात. एवढे करूनही पोट हलेना, आणि तपासणीत वाट मोकळी आहे अशी खात्री झाली, तरच थोड्या मात्रेत निओस्टिग्मिनचा विचार होतो. पूर्वी ही सुई अधिक सढळपणे वापरली जात असे. कार्बाकोलने पोट जोरात आवळते, पण ते घुसळणे सुसंगत नसते, त्यातून काम फारसे होत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणून डॉक्टरांनी सुई दिली नाही तर त्यांना औषध येत नाही असे समजू नका. बहुतेक वेळा सुई न देणे हाच योग्य इलाज असतो.

या सहा जागी सुई नको

१. गाभण जनावर. या औषधाने गर्भाशयही आवळते. गाभ पडू शकतो. गाय फळवून आणली असेल आणि गाभ राहिला की नाही याची खात्री नसेल, तरी ते डॉक्टरांना आधी सांगा.

२. वाट अडलेली असताना. मे महिन्यात मोकाट गुरे पडीचे आंबे गिळतात आणि आंब्याचा बाठा नरड्यात अडकतो. लग्नसराईनंतर उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या पोटात जाऊन गोळा होतो. तार किंवा खिळा जाळीपोटात रुततो. अशा वेळी पोटाला जबरदस्तीने आवळायला लावले तर आतडे फाटू शकते, तार पडदा भेदून हृदयाकडे सरकू शकते. अडथळा काढणे हाच इलाज. सुई हा इलाज नव्हे.

३. आंबलेले पोट. लग्नाचा, पूजेचा उरलेला भात टोपलीभर गायीपुढे ओतला जातो. पिकलेल्या फणसाचे गरे मन मानेल तसे खाल्ले जातात. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण अर्ध्या दिवसापासून दीड दिवसापर्यंत केव्हाही पोटात आंबट होऊन विषासारखे चढते. पोट डचमळते, शेण पातळ आणि आंबूस वासाचे येते, जनावर झिंगल्यासारखे चालते, डोळे खोल जातात. इथे पोट थकलेले नाही, आंबलेले आहे. आंबट उतरवणे आणि शिरेतून पाणी देणे यालाच महत्त्व. पोट चालवून तेच आंबट पुढे ढकलण्यात काही अर्थ नाही.

४. नुकतीच व्यालेली गाय. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसली, मान कुशीकडे वळवली, कान गार पडले आणि पोटही थांबले, तर तिच्या रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, उतरलेला असण्याची शक्यता मोठी. नसेच्या टोकातून निरोपाचे द्रव्य सुटायला आणि स्नायू आवळायला कॅल्शियम लागते. तेच नसेल तर सुई काय करील? तिला कॅल्शियम हवे, तेही डॉक्टरांच्याच हातून, शिरेतून सावकाश.

५. धाप लागलेले किंवा अगदी अशक्त जनावर. या औषधाने श्वासाच्या नळ्या आवळतात आणि त्यात पाणी सुटते. हृदयाची गती मंदावते. जे जनावर आधीच धापा टाकते आहे, त्याला हे सोसणार नाही.

६. फवारणीचे विष पोटात किंवा अंगावर गेलेले जनावर. हा सर्वांत घातक प्रकार. त्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

मोहोराची फवारणी आणि गोठा

आपल्या भागात हापूसच्या कलमांना मोहोर फुटू लागला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. या कामी वापरल्या जाणाऱ्या औषधांत क्विनॉलफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातली औषधे असतात. कार्बामेट नावाचा दुसरा गटही आहे. ही किडीला कशी मारतात? पाणी तोडणाऱ्या गड्याला, म्हणजे कोलिनेस्टरेजला, निकामी करून. निओस्टिग्मिन त्या गड्याचा हात काही तास धरते. ऑरगॅनोफॉस्फरस विष मात्र त्याला खांबाला बांधून टाकते. मग निरोप सुटत राहतात, तोडणारा कुणीच नाही. आळे तुंबून बांध फुटावा तसे शरीराचे होते.

थोडक्यात, जे काम सुई थोडे करते, तेच काम हे विष बेसुमार करते. विषबाधा झालेल्या गायीला पोटाची सुई टोचणे म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणे.

विष जाते तरी कसे? फवारलेल्या कलमाखालचे गवत कापून गायीला घातले जाते. फवारणीचे पिंप ज्या डोणीजवळ धुतले, तिथेच गुरे पाणी पितात. औषधाच्या रिकाम्या डब्यातून आंबोण दिले जाते. गोचीड मारायला पिकाचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंगाला चोळले जाते, आणि जनावर ते चाटते. डायक्लोरव्हॉस आणि भातखाचरात टाकायचे फोरेट यांवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशान्वये २०२० च्या अखेरीपासून बंदी आली आहे. तरी माळ्यावर जुना डबा पडलेला असू शकतो. तो शोधा आणि मुलाबाळांपासून, गुराढोरांपासून दूर ठेवा. विहिरीत किंवा खाडीत टाकू नका. कृषी विभागाला विचारून त्याची विल्हेवाट लावा.

साधे पोट बसणे आणि विषबाधा : फरक असा ओळखा

*लाळ :* साध्या प्रकारात तोंड नेहमीसारखे किंवा कोरडे. विषबाधेत लाळेच्या तारा लोंबतात, फेस येतो.

*शेण :* साध्या प्रकारात कमी, घट्ट किंवा बंद. विषबाधेत पातळ, वरचेवर, लघवीही वारंवार.

*डोळे :* साध्या प्रकारात बाहुली नेहमीसारखी. विषबाधेत बाहुली आवळून बारीक, डोळ्यांतून पाणी.

*श्वास :* साध्या प्रकारात बहुधा शांत. विषबाधेत धाप आणि छातीत घरघर.

*अंग :* साध्या प्रकारात जनावर मलूल. विषबाधेत कातडी आणि पायांचे स्नायू थरथरतात, चाल अडखळते, पुढे जनावर कोसळते.

*वेळ :* साधे पोट हळूहळू बसते. विषाची लक्षणे काही मिनिटांत किंवा काही तासांत दिसतात.

ही सगळी लक्षणे एकाच जनावरात दिसतीलच असे नाही. लाळ, बारीक बाहुली आणि थरथर ही तीन एकत्र दिसली की विषबाधाच समजून चाला.

यावर उतारा ऍट्रोपीनचा. मघाशी सांगितले तसे ते निरोप अडवते. डॉक्टर त्याचा काही भाग शिरेतून आणि उरलेला कातडीखाली किंवा मांसात देतात, आणि लाळ आटेपर्यंत, श्वास मोकळा होईपर्यंत जनावरावर नजर ठेवतात. गरज पडली तर पुन्हा देतात. ऑरगॅनोफॉस्फरस विषावर प्रालिडॉक्झिम नावाचे दुसरे औषधही आहे. ते बांधलेल्या गड्याला सोडवते, पण लवकर दिले तरच. उशीर झाला की गाठ इतकी पक्की बसते की सुटत नाही. म्हणूनच “सकाळपर्यंत वाट बघू” असे म्हणू नका. आणि ऍट्रोपीनही आपल्या मनाने टोचू नका. ते जास्त झाले तर कोटीपोट पुरते थांबते आणि जनावर फुगते.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

पोट बसले असेल तर :

● पुढचे आंबोण, पेंढा काढून घ्या. स्वच्छ पाणी समोर ठेवा.
● जनावर चालण्याजोगे असेल तर सपाट जागी सावकाश फिरवा. डाव्या भकाळीला मुठीने चोळा.
● पोट फुगले असेल तर पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करा. अंगठ्याएवढी जाड काठी लगामासारखी तोंडात आडवी बांधा. जनावर ती चघळते, लाळ सुटते, ढेकर येतो. मात्र नरड्यात बाठा अडकल्याचा संशय असेल तर तोंडात काही घालू नका.
● जीभ ओढून, नाक वर करून तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात गेला तर पोट राहील बाजूला, जनावर निमोनियाने दगावेल.

विषाचा संशय असेल तर :

● जनावर त्या जागेवरून हलवा. गवत, पाणी बंद करा. बाकीची गुरेही बाजूला काढा.
● अंगावर औषध पडले असेल तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातांत रबरी मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. हे विष माणसाच्या कातडीतूनही आत जाते.
● तेल किंवा दूध पाजू नका. तेलामुळे विष अंगात अधिक मुरू शकते.
● औषधाचा डबा किंवा लेबल जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.
● त्या जनावराचे दूध घरात घेऊ नका आणि विकू नका. पुन्हा केव्हा घ्यायचे ते डॉक्टर सांगतील.
● फवारणी करणाऱ्या माणसाला लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुकी असे होत असेल तर त्याला ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात न्या. लेबल बरोबर न्या.

डॉक्टरांना या सात गोष्टी सांगा

अंजनवेलसारख्या टोकाच्या गावी डॉक्टर पोहोचायला वेळ लागतो. त्यांनी निघतानाच योग्य औषध बरोबर घ्यावे, यासाठी फोनवर नीट माहिती द्या. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. सांगायचे ते असे : जनावर गाभण आहे का आणि किती महिन्यांची, व्याली केव्हा, काल-परवा काय खाल्ले, शेण-लघवी शेवटची केव्हा, भकाळी घट्ट, फुगलेली की डचमळती, आसपास फवारणी झाली का आणि कशाची, आधी कुणी काही टोचले किंवा पाजले का. शेवटची गोष्ट लपवू नका. एका सुईवर दुसरी तशीच सुई पडली तर दोघींचा जोर एकत्र होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : शेजाऱ्याच्या जर्सीला दिलेली सुई उरली आहे. आजार तोच आहे. मग आमच्या गायीला का नको?

पहिली गोष्ट, आजार तोच आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. दुसरी गोष्ट, मात्रा वजनावर असते. आपली कोकण कपिला गाय चणीने लहान. मोठ्या संकरित गायीची मात्रा तिला जास्त होते. आणि उघडलेली बाटली उन्हात, फळीवर किती दिवस राहिली, हेही पाहायला नको का?

प्रश्न : डॉक्टरांनी सुई दिल्यावर गायीने लाळ गाळली, दोनदा शेण टाकले. घाबरावे का?

थोडी लाळ सुटणे, शेण पडणे हा औषधाचाच गुण आहे. पण लाळेची धार लागली, जनावर थरथरू लागले, धापा टाकू लागले तर मात्रा सोसलेली नाही. लगेच डॉक्टरांना कळवा. त्यावरही उतारा ऍट्रोपीनच.

प्रश्न : वार पडत नाही. ही सुई घेऊन गर्भाशय आवळेल ना?

वार पाडण्यासाठी तिचा भरवसा नाही, आणि वार ओढून काढणेही चुकीचे. गाय खात असेल, ताप नसेल तर डॉक्टर पुष्कळदा थांबायला सांगतात. ताप किंवा दुर्गंधी आली तर मात्र तातडीने बोलवा.

प्रश्न : शेळ्यांच्या जंताच्या औषधाचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. लिव्हामिसॉल हे जंताचे औषध जंताच्या स्नायूला असाच निरोप देऊन आवळून धरते. जंत लुळा पडतो आणि शेणाबरोबर बाहेर जातो. पण मात्रा फार वाढली तर शेळीलाही लाळ, थरथर आणि धाप लागते. म्हणून शेळीचे वजन अंदाजाने न धरता करा, आणि ऑरगॅनोफॉस्फरस औषधाने गोचीड धुतल्याच्या सुमारास हे पाजू नका.

प्रश्न : गावात सुई टोचणारा माणूस आहे. तो स्वस्तात येतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. त्याप्रमाणे जनावरांवर उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. सुई टोचण्याचे कौशल्य हाताला लवकर येते. न टोचण्याचे शहाणपण शिकायला वेळ लागतो. स्वस्त सुईने गाभण गाय गाभडली तर वर्षाचे दूध आणि वासरू दोन्ही गेले. हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

थोडक्यात

१. पोट बसणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. आधी कारण शोधा.
२. पोट चालवणारी सुई लाळ, श्वास, हृदय, गर्भाशय या सगळ्यांवर चालते.
३. गाभण, अडलेले, आंबलेले, नुकतेच व्यालेले, धापा टाकणारे आणि विषबाधा झालेले जनावर : या सहांना ही सुई नको.
४. लाळ, बारीक बाहुली, थरथर दिसली की फवारणीचे विष समजा. उतारा ऍट्रोपीनचा, तोही डॉक्टरांच्या हातून, वेळ न दवडता.
५. उरलेला भात बेताने घाला. प्लास्टिक उकिरड्यावर टाकू नका. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. फवारलेल्या बागेतले गवत लेबलवर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नका.

हे पत्रक गोठ्याच्या कुडाला, हात पोहोचेल अशा जागी लावून ठेवा. घरातल्या बायामाणसांना आणि गुराख्याला ते वाचून दाखवा, कारण जनावराने रवंथ सोडले हे सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडते. आणखी काही शंका असतील तर एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. त्यांची उत्तरे आपल्या रेडिओच्या शेती कार्यक्रमात देऊ.